आईच्या साडीला कात्री लावावी का?

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, राहायला कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत. गेल्या मार्गशीर्षात त्यांची आई गेली. आई ३० वर्षं पायमशीनवर गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या, फॉल-पिको करायच्या. मागे राहिली एक ट्रंक, तिच्यात २७ साड्या, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात रंगीत फिती, लेस, हुक, बटणं आणि आईची मापांची वही. भावाच्या घराचं काम निघालंय. वहिनी म्हणाल्या, 'दिवाळीआधी ट्रंक न्या, नाहीतर साड्या बोहारणीला घालू.' ताईंना शिवणाची हौस आहे. मुलीसाठी वाकळ, नात्यातल्या बायकांना बटवे, आणि थोरल्या बहिणीची मुलगी सातव्या महिन्यात आहे तिच्या बाळाला कुंची, असं त्यांच्या मनात आहे. पण ही थोरली बहीण, गडहिंग्लजच्या आक्का, कडाडल्या, 'आई गेली, आता तिच्या साड्याही फाडायच्या का?' तरी आक्कांना न सांगता ताईंनी एका अमसुली इरकलीला कात्री लावली. लाल पदर आणि अमसुली अंग दोन्ही यावेत असा तुकडा कापून, नवं अस्तर घालून, वर सॅटिनची फीत लावून बटवा शिवला. धुतल्यावर बटवा आखडला आणि शिवणीशेजारी पदर फाटला. 'आईलाच हे पसंत नसावं असं वाटलं. मी चुकले का? सगळं तसंच ठेवून देऊ का?' असं त्या विचारतात.

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा त्या फाटलेल्या बटव्यापाशी थांबले, म्हणून सुरुवात तिथूनच करते. बटवा फाटला हा आईचा कौल नाही. त्याला कापडाची कारणं आहेत आणि ती तुमच्याच पत्रात आहेत. तुम्ही लिहिलंय की अस्तर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारातून आणलेलं, कोरं होतं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. सॅटिनची फीत बहुधा पॉलिस्टरची असते, ती आटत नाही. आतलं कापड आत ओढतंय, वरची फीत जागची हलत नाही, म्हणून बटवा चुण्या पडून गोळा झाला. आणि या दोघांच्या ओढाताणीत सापडला तो मधला जुना रेशमी पदर.

इरकलीचं विणकाम माहीत असलं की पुढचंही उलगडतं. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची ही साडी. तिच्या अंगाचे उभे धागे बहुतेक वेळा सुती असतात, पदराचे रेशमी, आणि दोन्हींचे फास एकमेकांत अडकवून जोड घातलेला असतो. विणकर त्याला टोप-तेणी म्हणतात. तुम्ही दोन्ही रंग यावेत म्हणून नेमकी त्या जोडावर कात्री चालवलीत. साडी अख्खी असते तेव्हा तो जोड पक्का असतो. वीतभर तुकड्यात त्याला आधार राहत नाही. त्यात मशीनची बारीक टीप. जीर्ण रेशमावर बारीक टीप मारली की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते, आणि कापड त्याच रेषेवर सुटतं. आईसारखा शिवणारा हात असता तरी तो तुकडा धुण्यात टिकला नसता.

मग चुकलं काही की नाही? माझ्या मते दोन गोष्टी चुकल्या. एक, कधी न शिवलेला नमुना पहिल्यांदा आईच्या साडीवर करून पाहिलात. कापडाला तोटा नाही. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर आहे, साधं सुती कापड आपल्याकडे स्वस्तात मिळतं. नवा नमुना आधी त्यावर करावा, धुवून पाहावा, मग पेटीतल्या कापडाला हात लावावा. दुसरी चूक तुम्हाला माझ्याआधी कळलीय, नाहीतर पत्र लिहिलं नसतंत. ती साडी एकट्या तुमची नव्हती.

पत्रात आक्कांबद्दल एक वाक्य आहे, 'तिला साडीतलं काही कळत नाही, तिला नुसतं साठवायचंय.' यावर जरा विचार करा. आई आजारी असताना तुम्ही कोल्हापुरात होता. औषधं, दवाखाना, रात्रीचं जागरण तुमच्या वाट्याला आलं. ते कष्ट होते, पण शेवटचे दिवसही तुम्हाला मिळाले. आक्का गडहिंग्लजहून येऊन-जाऊन होत्या. तुमच्या हाताला आईचं शिवण लागलंय, मशीनवर बसलात की आई शेजारी असल्यासारखं वाटतं असं तुम्हीच लिहिलंय. आक्कांकडे काय आहे? त्या ट्रंकेतल्या घड्या. तुम्ही शिवून आईला धरून ठेवताय आणि त्या न उघडून. मला तरी यात कुणी शहाणं आणि कुणी आडमुठं दिसत नाही.

आक्कांच्या म्हणण्यात एक समजूत मात्र आहे आणि ती पुष्कळ घरांत असते, की पेटीत ठेवलं म्हणजे राहिलं. कापड पेटीतही झिजतं. रेशीम घडीवर विरतं, जरीची तार काळी पडते, डांबरगोळी जरीला टेकली तर डाग पडतो. आणि आपल्या गावाला तर पंचगंगेचाही अनुभव आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात शुक्रवार पेठेत माझ्या मावशीच्या घरात पाणी शिरलं. पलंगाखालची ट्रंक आठ दिवसांनी उघडली. खालच्या साड्यांत चिखल, आणि वरच्या साड्यांवर एकमेकींचे रंग उतरलेले. मावशीचा लग्नातला शालू आम्ही गच्चीवर सात-आठ बादल्या पाण्यातून काढला, तो वाळेपर्यंत मधोमध दुभंगला. मावशीने तो शालू उभ्या आयुष्यात दोनदा नेसला होता. त्या दिवशी ती म्हणाली, 'नेसले असते तर बरं झालं असतं गं.'

हे सांगितलं म्हणून सगळं कापायला घ्या असा अर्थ काढू नका. 'कापू की ठेवू' असा एकच प्रश्न तुम्ही २७ साड्यांना विचारताय, तिथे अडचण आहे. साड्या सारख्या नाहीत, त्यांचं उत्तरही सारखं नसेल. ते थोडं कापडालाच विचारायचं असतं.

एकेक साडी उजेडात धरा. जिथून उजेड चाळणीसारखा येतो तिथे ती विरलीय. मग दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी ठेवून कापड हळूच बाजूला ताणा. गप्प राहिलं तर त्यात दम आहे. बारीक चर्र आवाज आला तर त्याला मशीनखाली घालू नका. साडी सुती, रेशमी की पॉलिस्टरची हे कळेना झालं तर काठाच्या आतला एखादा सुटा धागा काढून चिमट्याने जाळून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी काळी गुठळी होते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. वास आणि राख दोन्ही बघा, आणि हे मोरीत, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून करा.

ट्रंकेतल्या आईच्या शालूला आणि दुसऱ्या इरकलीला हात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. शालू धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा कोंडतो. दरवर्षी दसरा झाला की सावलीत वारा द्या आणि घडी दुसऱ्या रेषेवर घाला. कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, पलंगाखाली नाही.

पाच-सहा सहावारी सुती साड्या चांगल्या अंगाच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या नेसा की ताई. हा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही याचं मला आश्चर्य वाटलं. शिवणाची हौस असली की कुठलीही साडी आपल्याला कापड दिसायला लागते. एक तुम्ही नेसा, एक आक्का नेसतील, एखादी आईच्या गल्लीतल्या मैत्रिणीला द्या. ३० वर्षं आईकडून ब्लाऊज शिवून घेणाऱ्या बायकांत अशी एक तरी असेलच जी ती साडी जपून वापरेल. देवीच्या वस्त्रांचंही आपण असंच करतो. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला मानाचा शालू येतो, पुढे त्याचा लिलाव होतो आणि तो कुणा भक्ताच्या घरी जातो. आई तर माणसातली होती.

पॉलिस्टरच्या साड्यांबद्दल फार विचार नको. वर्षानुवर्षं टिकतात, पण पाणी शोषत नाहीत, त्यामुळे पायपुसण्याला किंवा बाळाच्या दुपट्याला उपयोगाच्या नाहीत. बाजाराच्या पिशव्या, मशीनवर घालायचा अभ्रा, एवढं त्यांचं छान होतं. उरतील त्या बोहारणीकडे गेल्या तरी आईचा अपमान होत नाही. फक्त कुठल्या जायच्या हे तुम्ही दोघींनी ठरवा, वहिनींनी नाही.

आता नऊवाऱ्या. पाच आहेत, धुवून-धुवून लोण्यासारख्या झालेल्या. तुम्ही आणि आक्का दोघीही एक गोष्ट विसरलात: वाकळीला कात्री लागत नाही. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. तिच्या आडव्या चार घड्या घाला, एक डावीकडून, एक उजवीकडून, अशा उलटसुलट. दोन मीटरला थोडी जास्त लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी रुंद अशी चारपदरी वाकळ तयार. एका माणसाला पांघरायला पुरते. साडी अख्खीच्या अख्खी आत असते. उद्या कुणाला वाटलंच तर धावदोरा उसवा, साडी जशीच्या तशी बाहेर. आक्कांना 'फाडायच्या का' हा शब्द वापरावा लागतोय तो इथे लागूच पडत नाही.

पद्धत तुम्हाला माहीत असेल, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. साडी धुवून, पूर्ण वाळवून घ्या. चटईवर घड्या घालून हाताने मधून कडेकडे सारखी करा, आत हवेचा फुगा राहू देऊ नका. आधी मोठे कच्चे टाके उभे-आडवे घालून घड्या जागच्या जागी बांधा. मग दुहेरी सुती दोऱ्याने धावदोरा, ओळींत दोन बोटांचं अंतर. दोरा ओढून घट्ट करू नका, वाकळ आखडते. विरलेल्या जागी आईच्याच दुसऱ्या साडीचा तुकडा ठिगळ म्हणून लावा, कडा आत दुमडून. टोकं उघडी राहतात तिथे घडी आत घालून हेम घाला. हे काम मशीनवर करू नका असं मी सांगेन. मशीनने ते एका दुपारी उरकेल, हाताने महिना लागेल, आणि दोन बहिणी दोन बाजूंना बसल्या तर मला वाटतं त्या महिन्यात जे बोलणं होईल ते फोनवर वर्षभरात होणार नाही.

कुंचीचं मात्र कापावंच लागेल, आणि ती आक्कांच्याच नातवंडाची आहे. तेव्हा कापड आक्का निवडतील. आतलं अस्तर जुन्या नऊवारीच्या चांगल्या भागाचं घ्या. तान्ह्या बाळाच्या अंगाला आपल्याकडे पहिलं कापड जुनं, मऊ, धुतलेलंच घालायची रीत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. सरळ कापण्यासाठी खुणेच्या जागी काठाला छोटी चीर द्या, तिथला एक आडवा धागा सुईने उचला आणि हळूहळू ओढून काढा. कापडावर आरपार एक बारीक मोकळी रेघ उमटते. त्या रेघेवर कात्री चालवा. साडी टराटरा फाडली तरी सरळ फाटते, सुती कापडाचा गुणच तो, पण तो आवाज आक्कांच्या कानावर पडू नये.

बाहेरून काय? तुमच्या त्या फाटलेल्या पदराचं सोनं इथे होऊ शकतं. बटवा उसवा. पदराचा तुकडा धुतलेल्या मलमलीवर ठेवून दोन्ही मिळून एकच कापड समजा, हाताने बोटबोटभर अंतरावर बारीक टाके घाला. मग भार मलमल घेते, पदर नुसता वर दिसतो. शिवण मशीनवर घालायचीच असेल तर ती मलमलीतून जाईल अशी ठेवा. सुई ९ किंवा ११ नंबरची, नवी. टीप जरा लांब, तीन मिलिमीटरच्या आसपास.

आणि फीत. आईच्या डब्यातल्या फिती वापरायच्या आहेत, मनात आणलंय ते छान आहे, पण सगळ्या सारख्या नसतील. प्रत्येकीचं टोक जाळून बघा, मघाशी सांगितलं तसं. वितळली तर पॉलिस्टर. तिचं टोक तिरकं कापून मेणबत्तीच्या ज्योतीच्या कडेला, न टेकवता, क्षणभर धरा, धागे सुटत नाहीत. कागदासारखी जळली तर ती सुती किंवा रेयॉनची. तिचं टोक दोनदा दुमडून हाताने शिवा. लावण्याआधी फीत आणि कापड दोन्ही धुवून, इस्त्री करून घ्या. सॅटिनवर टाचण्या लावू नका, भोकं राहतात. कच्चा धावदोरा घाला. शिवताना फीत ओढू नका, मशीन नेईल तशी जाऊ द्या. फितीच्या दोन्ही कडांना टीप एकाच दिशेने मारा. एक कड वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली की फीत पिळवटते, बटव्यावर थोडं तेही झालं असावं.

बाळाच्या बाबतीत हौसेला आवर घाला, हे आईसुद्धा म्हणाल्या असत्या. हनुवटीखालचे बंद वितीपेक्षा लांब नकोत. टिकल्या, मणी, सुटी फुलं काही नको, बाळ ओढतं आणि तोंडात घालतं. फुलाची गाठ मारायचीच तर ती टाळूच्या मागे पक्की शिवून टाका. कुंची बारशापुरती, मांडीवर असेपर्यंत घालावी. बाळ झोपलं की काढून ठेवायची. हे भाचीलाही सांगून ठेवा.

राहिली ती दिवाळीआधीची घाई. वहिनींना जागा हवीय, साड्यांचा निकाल नकोय. या दोन गोष्टी पत्रात एक झाल्यात. ट्रंक तुमच्याकडे मावत नसेल तर साड्या दोन जुन्या चादरींत बांधा, दोन गाठोडी होतील, कपाटावर बसतील. ट्रंक गेली तर गेली. मग दिवाळीचा धाक उरत नाही आणि एकही साडी घाईत कापावी लागत नाही.

आक्कांना इरकलीचं सांगायचं की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. सांगा. त्यांनी ट्रंक उघडण्याआधी सांगा. मोजून २६ निघाल्या आणि मग कळलं तर पुढचं सगळं अवघड होईल. लांबलचक समजावू नका. 'आक्का, एक इरकल मी तुला न विचारता कापली, ती बिघडली, मला फार वाईट वाटतंय,' एवढंच. त्या चिडतील. चिडू द्या, मध्ये वाकळीचं किंवा पुराचं पटवायला जाऊ नका. दोन-चार दिवस जाऊ द्या आणि मग मापांच्या वहीचं सांगा. ३० वर्षांच्या त्या वहीत आक्कांच्या लग्नाआधीच्या ब्लाऊजचं मापही असणार, आईच्या हातचं. ते पान शोधून ठेवा. वहीच्या शेवटी कोरी पानं उरली असतील तर जी साडी दोघी मिळून कापाल तिचा दोन बोटांचा तुकडा तिथे टाचा, शेजारी लिहा कुठली, आईने कधी नेसलेली. तारखा तुम्हाला आठवतील, काही आक्कांना आठवतील. वही गडहिंग्लजला राहिली तरी चालेल.

आक्का शेवटी नाहीच म्हणाल्या तर? तर साड्या मोजून वाटून घ्या. त्यांच्या वाट्याच्या त्यांच्या घरी घडी न मोडता राहतील, तुमच्या वाट्याच्या तुम्ही वापरा, आणि कुंचीला फक्त तुमच्यातलं कापड घ्या. तेही वाईट नाही.

फोन याच आठवड्यात करा. दिवाळीच्या तोंडावर गडहिंग्लजच्या एसटीला उभं राहायला जागा नसते. त्याच्या आधीचा एखादा रविवार आक्कांना जमतो का विचारा, आणि त्या येईपर्यंत कात्री आईच्या डब्यातच राहू द्या.